व्यसनमुक्तीच्या उपचारातील रुग्णाची जुनाट वेदना : पार्श्वभूमी

ओपिऑइडच्या (मॉर्फिन, हेरॉइन यांसारख्या अफूवर्गीय औषधांच्या) व्यसनातून सावरणाऱ्या माणसाला कंबरदुखी, सांधेदुखी किंवा नसांची जुनाट वेदना असेल, तर एक डॉक्टर व्यसन पाहतो, दुसरा वेदना पाहतो आणि दोघांची गाठ क्वचितच पडते. अमेरिकेत ही फारकत बरीचशी कायद्याने घडवलेली आहे. व्यसनी व्यक्तीला केवळ बरे वाटत राहावे म्हणून मॉर्फिन लिहून देणे हा वैद्यकीय व्यवसायाचा भाग मानता येणार नाही, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1919 मध्ये दिला. त्यानंतर अशा रुग्णांवर उपचार करणाऱ्या अनेक डॉक्टरांवर खटले चालले. मेथाडोन हे ओपिऑइड औषध नियमितपणे दिल्यास व्यसनी रुग्ण स्थिर आयुष्य जगू शकतात, हे न्यूयॉर्कमधील दोन डॉक्टरांनी 1965 मध्ये प्रसिद्ध केले, तोवर जवळजवळ अर्धे शतक उलटले होते.

आजच्या अडचणीचे मूळ मात्र 1970 च्या दशकातील नियमांत आहे. 1972 चे नियम आणि 1974 चा कायदा यांमुळे व्यसनावरील मेथाडोन केवळ परवानाधारक केंद्रांतून, बहुतेक रुग्णांना रोज तेथे जाऊन, कर्मचाऱ्यांच्या देखत घ्यावे लागू लागले. वेदनेसाठी मात्र तेच औषध साध्या चिठ्ठीवर दुकानातून मिळण्याचा मार्ग त्याच दशकात न्यायालयामुळे मोकळा झाला. औषध चोरवाटेने बाजारात जाईल, ही भीती निराधार नव्हती. परंतु औषधाच्या गुणधर्मांचा विचार या व्यवस्थेत झालेला दिसत नाही. मेथाडोनचा एक डोस ओपिऑइड बंद झाल्यावर होणारा त्रास चोवीस तास किंवा त्याहून अधिक काळ आवरतो. त्याचा वेदनाशामक परिणाम मात्र साधारण चार ते आठ तासच टिकतो. म्हणून वेदनेसाठी ते दिवसातून तीन-चार वेळा विभागून दिले जाते. केंद्रात सकाळी एकच डोस घेणाऱ्या रुग्णाची वेदना दुपारनंतर परतत असे, आणि डोस विभागायचा तर उरलेला भाग घरी न्यावा लागे, ज्यावर कडक मर्यादा होत्या.

याचे परिणाम रुग्णांनी सोसले. ‘एवढे ओपिऑइड चालू असताना याला दुखेल कसे’ असे मानले गेले. वास्तविक दीर्घकाळ ओपिऑइड घेतल्याने शरीर त्याला सरावते आणि काहींच्या बाबतीत वेदनेची संवेदनशीलता उलट वाढते. तरीही जादा औषधाची मागणी वेदनेचे लक्षण समजण्याऐवजी व्यसन पुन्हा उलटल्याची खूण समजली जाई. उपचाराविना राहिलेली वेदना स्वतःच पुन्हा व्यसनाकडे ढकलू शकते, ही साधी गोष्ट या संशयात मागे पडली, याचे वाईट वाटते.

2002 मध्ये ब्युप्रेनॉर्फिन या दुसऱ्या ओपिऑइड औषधाला व्यसनावरील उपचारासाठी मान्यता मिळाली आणि हा उपचार केंद्राबाहेरच्या दवाखान्यात आला, पण डॉक्टरांना त्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागे. ती अट 2022 च्या अखेरीस रद्द झाली. हे औषध मेंदूतील ग्राहींना (ओपिऑइड जेथे चिकटून परिणाम करतात त्या जागांना) घट्ट चिकटते, त्यामुळे इतर वेदनाशामके चालणार नाहीत या समजापोटी शस्त्रक्रियेपूर्वी ते थांबवण्याची प्रथा पडली होती. आता ते चालू ठेवून, गरजेप्रमाणे डोस विभागून, वर इतर उपाय जोडण्याकडे कल आहे. येथेही दुहेरी वाट टिकून आहे: जिभेखाली ठेवायच्या गोळीची मान्यता व्यसनासाठी, तर त्वचेवरील पट्टीची वेदनेसाठी.

याच काळात वेदनेच्या बाजूने लंबक दोन्ही टोकांना गेला. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात ओपिऑइड सढळपणे लिहिली गेली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या (सीडीसी) 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनी रोज 90 मिलिग्रॅम मॉर्फिनइतक्या किंवा त्याहून अधिक मात्रेबाबत सावधगिरी सांगितली, आणि विमा कंपन्या व राज्यांनी तिला ठाम मर्यादेचे रूप दिले. अनेकांचे औषध घाईने कमी केले गेले. त्यातील धोक्याचा इशारा औषध नियामकाला 2019 मध्ये द्यावा लागला. 2022 च्या सुधारित सूचनांत मात्रेच्या ठाम आकड्यांवरचा भर सोडण्यात आला. व्यायामोपचार, मानसोपचार आणि ड्युलॉक्सेटिनसारखी ओपिऑइड नसलेली औषधे यांना आता पहिले स्थान आहे, पण त्यांसाठी चिकाटी आणि नियमित पाठपुरावा लागतो.

2024 च्या नियमांनी मेथाडोनचे डोस घरी नेण्याची सवलत वाढवली आणि विभागून डोस देण्याला स्पष्ट जागा दिली. व्यसनासाठीचे मेथाडोन दुकानातून चिठ्ठीवर मिळण्याची सोय मात्र त्यांत नाही. केंद्रातील डोसची नोंदही रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय राज्याच्या औषधनोंदीत (रुग्णाला मिळालेली औषधे डॉक्टर जिथे पाहू शकतात त्या नोंदीत) जात नाही. या गोपनीयतेने अनेकांना बदनामीपासून वाचवले आहे; पण वेदनेवर उपचार करणाऱ्या डॉक्टरपर्यंत ही माहिती पोहोचवण्याचा भारही बहुतेक वेळा रुग्णावरच पडतो.