कानातला बिल्ला आणि कपाळावरचा भोवरा

माळेगावच्या यात्रेत देवणी बैल पारखणारा व्यापारी कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर वाचत बसत नाही. शिंगं, वशिंड, कपाळावरचा भोवरा, चाल बघतो आणि ओळखतो.

वेबसाइटही तुम्हाला अशाच दोन प्रकारे ओळखतात. कुकी म्हणजे तो बिल्ला. 1994 मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू मोंटुली यांनी ती काढली. साइट तुमच्या ब्राउझरमध्ये एक खूण ठेवते, पुढच्या वेळी ब्राउझर तीच परत दाखवतो. कुकी पुसली की बिल्ला कापला.

ब्राउझर फिंगरप्रिंटिंग म्हणजे भोवरा. (रेशन दुकानातल्या मशीनवरच्या अंगठ्याशी याचा काही संबंध नाही.) यात तुमच्याकडे काहीच ठेवलं जात नाही, म्हणून पुसायलाही काही नसतं. साइटवरचा कोड नुसता विचारतो: स्क्रीन केवढी, टाइमझोन कोणता, फॉन्ट कोणते? कधी गुपचूप एक चित्र काढायला लावतो. ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हरप्रमाणे त्यात बारीक फरक पडतो. सुटं उत्तर लाखोंचं सारखं असतं, पण सगळी एकत्र जुळणारे थोडेच. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांच्या संस्थेच्या 2010 च्या तपासणीत 83.6 टक्के ब्राउझर एकमेव निघाले. पण तिथं आलेले लोक मुळात या विषयातले हौशी. 2018 मध्ये फ्रान्समधल्या 20 लाखांवर नमुन्यांत हा आकडा 33.6 टक्के होता, मोबाइलवर 18.5. एकाच मॉडेलचे फोन बरेचसे एकसारखे दिसतात, म्हणून.

इन्कॉग्निटोचा, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीचा, भरवसा इथंच फसतो. खिडकी बंद केली की बिल्ला जातो, भोवरा तिथंच. व्हीपीएन म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा पत्ता बदलून दाखवणारी सोय; त्यानं गाव बदलतं, बैल तोच. आणि लॉगिन केलेलं असेल तर तुम्ही स्वतःच नाव सांगितलेलं असतं, मग बिल्ला, भोवरा दोन्हींची गरज नाही.

लातूरच्या आमच्या एका लग्नपत्रिकावाल्याच्या कॉम्प्युटरवर श्रीलिपीचे ढीगभर फॉन्ट आहेत. कळपात उठून दिसायला तेवढं पुरे. त्यात त्यानं ट्रॅकिंग रोखायला सापडतील ती एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी सॉफ्टवेअर, टाकलेली. काही एक्स्टेंशन साइटला ओळखता येतात, म्हणजे खुणा आणखी वाढल्या. ब्रेव्ह ब्राउझर उत्तरांत मुद्दाम थोडी भेसळ करतो, म्हणजे रोजच पोळा, रोज नवा रंग. टॉर ब्राउझर उलटं करतो, सगळा कळप एका रंगाचा. फॉन्टही ठरावीकच दाखवतो. मी पत्रिकावाल्याला म्हटलं, श्रीलिपी काढू नकोस, पोटाचा धंदा आहे. खासगी काही बघायचं असेल तेव्हा टॉर उघडत जा.