वार पडल्यानंतर

आपल्याकडे माता-आरोग्याची बातमी आली की तिच्यात एक आकडा हमखास असतो, दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ साली देशातली ३८.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर गेले. २००५ साली सुरू झालेली जननी सुरक्षा योजना आणि गावोगावच्या आशाताई यांचा त्यात मोठा वाटा आहे. दर लाख जिवंत जन्मांमागे होणारे मातामृत्यूही २००४-०६ मधल्या २५४ वरून २०१८-२० मध्ये ९७ वर आले. हे यश खरे आहे.

चूक होते ती पुढच्या समजुतीत. बाई दवाखान्याच्या दारात पोहोचली म्हणजे सुटली, असे आपण धरून चालतो आणि नियोजनही बराच काळ तसेच झाले. किती केंद्रे बांधली, किती खाटा वाढल्या, किती बाळंतपणे झाली, हे मोजले गेले. २०१८ साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थच्या आयोगाने वेगळा हिशेब मांडला. नीट उपचारांनी टळू शकले असते अशा भारतातल्या एका वर्षाच्या मृत्यूंपैकी सुमारे १६ लाख मृत्यू उपचार मिळूनही ते निकृष्ट असल्यामुळे झाले होते. उपचारांपर्यंत पोहोचताच न आल्याने झालेले मृत्यू त्याच्या साधारण निम्मे होते.

ही गुणवत्ता म्हणजे नेमके काय, हे मला बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाच्या उदाहरणातून सांगायला आवडते, कारण त्यामागचे शरीरशास्त्र विलक्षण सुंदर आहे.

दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीकडे दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जाते. एरवी रक्तवाहिनी तुटली की तिच्या भिंतीतले स्नायू आवळतात आणि रक्त कमी होते. वारेच्या, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या प्लॅसेंटाच्या, जागेवरच्या धमन्यांना ही सोय नसते. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत वारेच्या पेशी या धमन्यांच्या भिंतीत शिरतात आणि तिथला स्नायू काढून टाकतात. बाळाला रक्त अखंड मिळावे म्हणून धमन्या रुंद आणि ढिल्या केल्या जातात. बाळ जन्मते, वार सुटते आणि या सगळ्या धमन्यांची तोंडे एकदम उघडी पडतात. त्यांना स्वतःला आवळता येत नाही.

मग रक्त थांबते कसे? गर्भपिशवीच्या मधल्या थरातले स्नायुतंतू एकमेकांत गुंतलेले असतात आणि धमन्या त्यांच्या वेढ्यांतून आत जातात. पिशवी आकुंचन पावली की बटव्याची नाडी ओढावी तसे हे वेढे आवळले जातात आणि धमन्या बाहेरून चेपल्या जातात. रक्त गोठायला लागते ते त्यानंतर. पिशवी सैल राहिली तर गोठण्याची यंत्रणा उत्तम असूनही काही मिनिटांत बाई धोक्यात येते.

आकुंचनाचा हुकूम देणाऱ्या रेणूंपैकी सर्वांत महत्त्वाचा ऑक्सिटोसिन. हा नऊ अमिनो आम्लांचा रेणू मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून रक्तात येतो. स्नायुपेशीवरच्या ग्राहीला, म्हणजे त्याला ओळखणाऱ्या प्रथिनाला, तो चिकटला की पेशीत कॅल्शियमची पातळी चढते, कॅल्शियम कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला धरते, त्या जोडीमुळे मायोसिन या स्नायूतल्या प्रथिनावर फॉस्फेट बसवणारे विकर जागे होते आणि मायोसिनचे तंतू अॅक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या तंतूंना ओढू लागतात. प्रसूती जवळ येते तशी या ग्राहींची संख्या खूप वाढलेली असते. म्हणून बाळ जन्मताच मांडीत १० युनिट ऑक्सिटोसिन टोचण्याची पद्धत जगभर आहे. १९५३ साली व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी हा रेणू प्रयोगशाळेत घडवला आणि १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले.

या रेणूची एक खोड मात्र आहे. त्याच्या नऊपैकी सहा अमिनो आम्लांचे एक कडे असते आणि ते गंधकाच्या दोन अणूंमधल्या बंधाने मिटलेले असते. द्रावणातले औषध तापले की हे बंध विस्कटतात, रेणू एकमेकांना जोडले जातात आणि ग्राहीत बसेल असा आकार उरत नाही. म्हणून ऑक्सिटोसिन साधारणपणे २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचे असते. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तिथे लेबर रूमच्या ट्रेमध्ये राहिलेली अँप्युल दिसायला पाण्यासारखी स्वच्छच दिसते. सिस्टर वेळेवर टोचते, नोंदवहीत बरोबर खूण होते, आणि पिशवी सैलच राहते.

याच ऑक्सिटोसिनबद्दल एक मेसेज वर्षानुवर्षे फिरतो: हे इंजेक्शन टोचून दुधी आणि भोपळे एका रात्रीत फुगवतात. वनस्पतीत ऑक्सिटोसिनची ग्राहीच नसते, त्यामुळे दुधीला ते टोचून तो फुगणार नाही. गाईम्हशींना पान्हा सोडवण्यासाठी त्याचा गैरवापर होतो हे मात्र खरे आहे. तो रोखायला केंद्र सरकारने २०१८ मध्ये खासगी कंपन्यांचे उत्पादनच बंद करून सारा भार एका सरकारी कारखान्यावर टाकायचे ठरवले. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, आणि माझ्या मते योग्यच केले. बाळंतिणीचा जीव ज्या औषधावर अवलंबून आहे, त्याचा पुरवठा एका ठिकाणी अडकवणे धोक्याचे होते.

उत्तर प्रदेशातला एक प्रयोग इथे आठवतो. १२० सरकारी केंद्रे आणि सुमारे १ लाख ५७ हजार प्रसूती यांचा हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या केंद्रांत सुरक्षित बाळंतपणाची तपासणी-यादी आणि ती वापरण्यासाठी मार्गदर्शन दिले गेले. कर्मचाऱ्यांचे काम खरोखर सुधारले, पण माता-बालकांचे मृत्यू आणि गंभीर गुंतागुंत कमी झाली नाही. मी त्याचा अर्थ असा लावतो की खूण करण्याजोगी कामे वाढली तरी त्यामागचे औषध, कौशल्य आणि पुढे पाठवण्याची सोय कच्ची राहिली, तर जीव वाचत नाहीत.

दुसरा प्रयोग उमेद देणारा आहे आणि त्याचे एक मूळ बेळगावात आहे. किती रक्त गेले याचा डोळ्यांनी केलेला अंदाज फार चुकतो. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात बाईच्या कमरेखाली खुणा केलेली, शंकूच्या आकाराची प्लास्टिकची पिशवी लावून तुलना केली, तेव्हा नजरेचा अंदाज मोजमापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरला. हा अभ्यास २००६ चा. पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत दोन लाखांहून जास्त प्रसूतींची चाचणी झाली आणि त्यातल्या निम्म्या रुग्णालयांत तशीच खुणांची पिशवी वापरली गेली. ठरलेल्या खुणेपर्यंत रक्त आले की पोट चोळणे, ऑक्सिटोसिन, रक्ताची गुठळी टिकवणारे ट्रॅनेक्सॅमिक आम्ल, सलाईन आणि तपासणी हे सगळे एकदम सुरू करायचे, एक उपाय हरल्यावर दुसरा असे थांबायचे नाही. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी करावी लागणारी पोटाची शस्त्रक्रिया किंवा त्याने होणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण नेहमीच्या पद्धतीने चालणाऱ्या रुग्णालयांत ४.३ टक्के, तर या रुग्णालयांत १.६ टक्के राहिले. निकाल २०२३ साली प्रसिद्ध झाले.

आपल्याकडे डिसेंबर २०१७ पासून ‘लक्ष्य’ कार्यक्रमात लेबर रूमचे मूल्यमापन होते. ही दिशा बरोबर आहे. आता प्रत्येक जिल्ह्याच्या मासिक अहवालात बाळंतपणांच्या संख्येशेजारी आणखी तीन रकाने हवेत. ऑक्सिटोसिनच्या फ्रिजचे रोजचे तापमान, किती बाळंतिणींचे रक्त मोजले, आणि रक्तस्रावाने ५०० मिलिलिटर ओलांडल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत किती मिनिटे गेली. लसींची शीतसाखळी बहुतेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत आधीच आहे. लसी ठेवण्याच्या आयएलआर या खास फ्रिजमध्ये ऑक्सिटोसिनला नाव लिहिलेला वेगळा डबा करून जागा द्यायला हरकत नसावी. जिथे वीजच टिकत नाही तिथे ऑक्सिटोसिनसारखेच काम करणाऱ्या आणि उष्णतेत टिकणाऱ्या कार्बेटोसिन या औषधाचा विचार व्हावा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दहा देशांतल्या चाचणीत ते रक्तस्राव रोखण्यात ऑक्सिटोसिनच्या तोडीचे ठरले, आणि त्या दहांत भारतही होता.