खून की सदोष मनुष्यवध? निकाल लागायच्या आधी एवढं वाचा

गेले पंधरा दिवस आमच्याकडे धक्क्यावरच्या मासळीच्या लिलावापासून एसटी स्टँडवरच्या टपरीपर्यंत एकच विषय चाललाय. खाडीपलीकडच्या वाडीतली ती गडग्यावरनं, म्हणजे हद्दीच्या दगडी कुंपणावरनं, झालेली केस. सिंधुदुर्गातल्या ओरोसच्या सेशन कोर्टात युक्तिवाद संपलेत, निकाल राखून ठेवलाय आणि तारीख पुढच्या आठवड्यातली आहे. गाव आणि नावं मुद्दाम लिहीत नाही, दोन्ही घरांत आमचं जाणं-येणं आहे. लोकांचे सरळ दोन तट पडलेत, एक म्हणतो "तेका फाशीच होऊक व्हयी", दुसरा म्हणतो "सुटतलो बघ, वकील मोठो लावल्यान हा". मधलं काही असू शकतं हे कुणाच्या डोक्यातच नाही, आणि कोर्टात शेवटचे दोन दिवस जे घासाघीस चालली ती नेमकी त्या मधल्या गोष्टीवरच. घाव कुणी घातला यावर फार वाद उरलाच नव्हता. वाद होता तो खून की सदोष मनुष्यवध एवढाच.

पहिला घोळ शब्दातच आहे. परवा टपरीवर एकजण छातीठोकपणे सांगत होता, "सदोष म्हणजे केशीत दोष ऱ्हवलो, पोलिसांनी नीट काम केला नाय." त्याचं चुकलं पण त्याला दोष देववत नाही, कारण आपण दुकानातून आणलेली वस्तू बिघडलेली निघाली की तिलाही सदोषच म्हणतो. इथे मात्र दोष म्हणजे मारणाऱ्याचा दोष. त्याच्या माथी दोष आहे असा मनुष्यवध.

आता दोघांचं नातं. सगळे हापूस आंबेच असतात पण सगळे आंबे हापूस नसतात, तसंच आहे हे. प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतोच, पण प्रत्येक सदोष मनुष्यवध खून नसतो, सुप्रीम कोर्टाने १९७६ सालच्या पुन्नय्या केसमध्ये हेच समजावून सांगितलंय. जीव घ्यायचाच हेतू होता, किंवा जी जखम करायची होती तीच मुळात माणूस मरायला पुरेशी होती, तर ते खुनात जातं. पण एवढं जमलं तरी कायदा पुढे पाच अपवाद बघायला लावतो, आणि त्यातले गावाकडच्या भांडणात कायम येणारे दोन: गंभीर आणि अचानक चिथावणी मिळून माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटला, किंवा आधी काही न ठरवता अचानक मारामारी उसळली आणि रागाच्या भरात घाव बसला. दुसऱ्यात अट अशी की त्याने गैरफायदा घेतलेला नसावा, क्रूरपणे वागलेला नसावा. अपवाद लागू झाला की खुनाचा सदोष मनुष्यवध होतो. माणूस निर्दोष होत नाही, हे कृपा करून लक्षात ठेवा.

म्हणून तर त्या केसमध्ये एवढा कीस पडला. गडगा दोन फूट आत सरकवला यावरनं सकाळी बाचाबाची झाली यात दुमत नाही. सरकारी वकिलांचं म्हणणं, आरोपी तिथून घरी गेला, पेज जेवला, आणि मग कोयता घेऊन परत आला. बचाव पक्ष म्हणतो तो घरी गेलाच नाही, आंब्याच्या कलमांखालची झाडी तोडत होता म्हणून कोयता हातातच होता, शब्दाला शब्द वाढला आणि एकच घाव बसला. म्हणजे ती पेज तो जेवला की नाही यावर एवढं सगळं अडकलंय! पेजेचं ताट वाढणाऱ्या बाईची उलटतपासणी तासभर चालली असं तिथे बसलेले सांगतात. कोर्ट काय म्हणेल यावर मी पैज लावणार नाही, पुरावा कोर्टाने बघितलाय, आपण नाही.

हा मधला वेळ किती महत्त्वाचा असतो ते बघायचं तर नानावटी केस बघा. २७ एप्रिल १९५९, मुंबई. नौदलातल्या कमांडर नानावटींना बायकोने प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली, त्यांनी बायकोमुलांना सिनेमाला सोडलं, बोटीवर जाऊन रिव्हॉल्वर आणि गोळ्या घेतल्या आणि आहुजाला त्याच्या घरी जाऊन गोळ्या घातल्या. त्या वेळी लोकांचा कल कुठे होता माहितीय ना, सगळी सहानुभूती नानावटींना, ब्लिट्झ साप्ताहिकाने त्यांची बाजू लावून धरली, ज्युरीने, म्हणजे तेव्हा केस ऐकायला बसवत त्या सामान्य नागरिकांनी, ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवलं. सेशन जज्जना ते पटलं नाही, त्यांनी केस हायकोर्टाकडे पाठवली, आणि तिथे खुनासाठी जन्मठेप झाली. २४ नोव्हेंबर १९६१ ला सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. कारण काय, तर दुपारी दीडला घरातून निघाले आणि गोळीबार झाला चार वीसला, एवढा वेळ डोकं थंड व्हायला पुरेसा होता, तेव्हा अचानक चिथावणीचा अपवाद लागत नाही. लोकांना जे वाटत होतं ते आणि कायद्याने जे बघितलं ते, दोन्ही केवढं लांब होतं. पुढे १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली ती गोष्ट वेगळी, माफी मिळाली म्हणून गुन्हा बदलला नाही.

आणि "एकच घाव घातल्यान, म्हणजे खून नाय" हेही सरसकट खरं नाही. १९५८ च्या विरसा सिंग केसमध्ये भाल्याचा एकच वार होता, पोटात, आणि तो खूनच ठरला. कोर्ट बघतं हत्यार कुठलं, घाव शरीरावर कुठे, जोर किती, हत्यार आणलं की हाताला लागलं ते उचललं, जुनं वैर होतं का.

शिक्षेचं पटकन सांगते. खुनाला जन्मठेप किंवा फाशी, आणि फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ केसमध्ये, तीही हायकोर्टाने कायम केल्याशिवाय नाही. सदोष मनुष्यवधात हेतू असेल तर जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद, हेतू नसून माणूस मरू शकतो एवढी नुसती जाणीव असेल तर दहा वर्षांपर्यंत. म्हणजे इथेही जन्मठेप होऊ शकते, "सुटलो" कुठे? मोबाईलवर १०३ आणि १०५ कलम शोधत बसलेल्यांसाठी, ती नव्या भारतीय न्याय संहितेची, १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना. ही केस त्याआधीची, म्हणून निकालात कान द्यायचा तो जुन्या भारतीय दंड संहितेतलं ३०२ (खून) की ३०४ (सदोष मनुष्यवध) याकडे. आणि गाडीखाली माणूस गेला की लावतात ते ३०४-अ, निष्काळजीपणाचं, त्याचा इथे काही संबंध नाही.

हे सगळं लिहायला बसले ते गेलेल्याच्या आईमुळे. काकी आमच्याकडे रविवारी आली होती, अंगणातल्या पायरीवर बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत विचारते, "बाय, कोर्टान तीनशेचार म्हटला तर माझ्या झिलाक मारल्यान ता खोटा ठरतला काय गो?" टपरीवरच्या गप्पा तिच्यापर्यंत पोचतात, "पैसे चारले", "केस मॅनेज झाली", आणि अजून निकाल लागायचाय. मी तिला सांगितलं, नाही काकी, तीनशेचार म्हणजे त्यानेच मारलं हे कोर्टाने मान्य केलं, फक्त कुठल्या मनाने मारलं यावर फरक पडला. आणि तो फरक पटला नाही तर सरकारच्या तोंडाकडे बघत बसायचं कारण नाही, कमी गुन्ह्यात दोषी धरलं तर गेलेल्याच्या घरच्यांना स्वतः अपील करता येतं, २००९ च्या शेवटापासून कायद्यात तसा हक्क आहे. आधी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालंय, सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या केसेस तिकडे जातात.

काकी बराच वेळ गप्प होती. मग उठताना म्हणाली, "कोल्लापूरची गाडी खयसून सुटता गो?"

कणकवलीवरनं, म्हटलं, फोंडाघाटातनं जाते.