दम्याचा पंप आणि सिंकखालची भेग

दम्याचं मूल दवाखान्यात येतं, त्याला वाफ देतात, पंप कसा ओढायचा ते आईला दाखवतात, मूल हसत घरी जातं. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तेच मूल, तीच धाप. औषध बरोबर असतं आणि आई ते वेळेवर देतही असते. मग बिनसतं कुठे? अमेरिकेतल्या सरकारी वसाहतींमध्ये दवाखाने चालवणाऱ्यांना हा प्रश्न इतक्या वेळा पडला, की त्यांच्या प्रशिक्षणाचा मोठा भाग आता औषधांऐवजी घरांबद्दल असतो.

आधी या वसाहतींविषयी थोडं. अमेरिकेत सरकारी मालकीची सुमारे 9 लाख भाडेघरं आहेत आणि ती स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरणांच्या ताब्यात असतात. आपल्याकडे म्हाडाचं घर लॉटरीत लागलं की पैसे भरून ते आपलं होतं. तिथे भाडेकरू भाडेकरूच राहतो, आणि उत्पन्नाच्या साधारण 30 टक्के भाडं देतो. सरकारी मदतीच्या घरांत राहणाऱ्या प्रौढांपैकी एक तृतीयांशाहून जास्त लोकांनी राष्ट्रीय पाहणीत आपली तब्येत ‘जेमतेम’ किंवा ‘वाईट’ असल्याचं सांगितलं. एकूण प्रौढांत हा आकडा 14 टक्क्यांच्या आसपास होता. यावरून घरालाच आरोपी ठरवायची घाई नको. ही घरं मुळातच गरीब, वृद्ध आणि अपंग माणसांना मिळतात, त्यामुळे आजारी माणसं तिथे जास्त असणारच. पण आजार वाढवण्यात घराचा हात असतो, याचे पुरावे भक्कम आहेत.

सगळ्यात पक्का पुरावा झुरळांचा. 1997 साली अमेरिकेच्या मोठ्या शहरांतल्या दाट, गरीब वस्त्यांमधल्या दमेकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 476 मुलांपैकी जवळपास 37 टक्के मुलांना झुरळांची अॅलर्जी निघाली, आणि निम्म्या मुलांच्या झोपायच्या खोलीतल्या धुळीत झुरळांचे अंश भरपूर सापडले. ज्यांना अॅलर्जीही होती आणि खोलीत झुरळंही होती, त्या मुलांना इस्पितळात भरती करायची वेळ इतर मुलांच्या तिपटीहून अधिक वेळा आली. त्रास देतात ती झुरळाच्या लाळेतली, विष्ठेतली आणि टाकलेल्या कातडीतली प्रथिनं. झुरळ मेलं तरी ती धुळीत महिनोन्‌महिने टिकतात.

आता आई काय करते? फवारा आणते. फवाऱ्याने समोरची झुरळं मरतात, उरलेली भिंतीतून शेजाऱ्याकडे पळतात आणि आठवड्याभरात परततात. शिवाय फवाऱ्याच्या वासानेच दमेकऱ्याला धाप लागू शकते. म्हणून प्रशिक्षणात आरोग्यसेविकेला घरभेटीत सिंकखाली वाकून बघायला शिकवतात: पाइप भिंतीत शिरतो तिथे भेग आहे का, नळ ठिबकतोय का, कचऱ्याचा डबा उघडा आहे का. झुरळ अन्नाशिवाय बरेच दिवस काढतं, पाण्याशिवाय त्याचं फार काळ निभत नाही. त्यामुळे गळती थांबवणं, भेगा बुजवणं आणि जेलचे ठिपके लावणं हे फवाऱ्यापेक्षा जास्त टिकतं. पण एकाच घरात करून उपयोग नाही. पाइप सगळ्या मजल्यांचे एकच असतात, आणि झुरळं त्याच वाटेने फिरतात.

इथेच सरकारी वसाहतीचा एक फायदा आहे, ज्याकडे सहसा कुणी पाहत नाही. खासगी चाळींमध्ये शंभर घरांचे पन्नास घरमालक. इथे हजार घरांचा मालक एकच. त्याला पटलं तर अख्ख्या इमारतीची दुरुस्ती एका हुकमावर होते. म्हणून या दवाखान्यांच्या प्रशिक्षणात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो घरमालकाशी बोलायचा भाग: कोणत्या भाषेत लिहायचं, कोणाला लिहायचं, कायद्याचा कोणता आधार घ्यायचा. ‘रुग्णाला दमा आहे’ एवढं पुरत नाही. ‘न्हाणीघरातल्या बुरशीमुळे दमा बळावतो, ती काढून ओलीचं मूळ बंद करावं’ असं लिहावं लागतं. न्यू यॉर्कमध्ये 2013 साली दमेकरी भाडेकरूंनी प्राधिकरणावर दावा लावला. त्यांचं म्हणणं होतं की दमा हे अपंगत्व आहे, त्यामुळे अपंगांसाठीच्या कायद्याखाली बुरशी काढून देणं बंधनकारक आहे. तडजोडीत साध्या दुरुस्तीला 7 दिवस आणि मोठ्या दुरुस्तीला 15 दिवस अशी मुदत ठरली. प्राधिकरणाने ती पाळली नाही आणि न्यायालयाला देखरेखीसाठी माणूस नेमावा लागला, हाही त्याच गोष्टीचा भाग.

दवाखाना आणि वसाहत यांचं नातं जुनं आहे. 1965 च्या डिसेंबरात जॅक गायगर आणि काउंट गिब्सन या डॉक्टरांनी बोस्टनच्या कोलंबिया पॉइंट या सरकारी वसाहतीत आरोग्य केंद्र उघडलं. दीड हजार घरांची ही वसाहत शहराच्या टोकाला होती. अमेरिकेतल्या आजच्या सामुदायिक आरोग्य केंद्रांची सुरुवात इथली. गायगर विद्यार्थी असताना दक्षिण आफ्रिकेत सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याबरोबर राहून आले होते. आजाराबरोबर पाणी, अन्न आणि घर बघायचं हे ते तिथे शिकले. पुढे मिसिसिपीत त्यांनी कुपोषित मुलांसाठी औषधाच्या चिठ्ठीवर चक्क अन्न लिहून दिलं. 1970 मध्ये जामखेडला आरोळे दांपत्याने गावातल्या बायकांना आरोग्यसेविका केलं, तो विचार याच कुळातला.

1990 मध्ये सरकारी वसाहतींतल्या रहिवाशांच्या दवाखान्यांसाठी अमेरिकेत कायद्यात वेगळी तरतूद झाली. या केंद्रांना केंद्र सरकारच्या निधीतून प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांपैकी एक खास याच कामासाठी आहे, नॅशनल सेंटर फॉर हेल्थ इन पब्लिक हाउसिंग. सामुदायिक आरोग्य केंद्रांच्या कारभारी मंडळात सर्वसाधारणपणे निम्म्याहून अधिक सभासद तिथले रुग्णच लागतात. केवळ शोभेची वाटेल अशी ही अट प्रत्यक्षात कामाची ठरते: लिफ्ट किती दिवस बंद आहे, हे डॉक्टरांना नसलं तरी चौथ्या मजल्यावरच्या आजीला पक्कं ठाऊक असतं.

प्रशिक्षणात कागदी कामही बरंच. घर, जेवण, वीजबिल, एकटेपणा याबद्दल विचारायची ठरावीक प्रश्नावली 2016 पासून वापरात आहे. नुसतं विचारून भागत नाही, उत्तर नोंदवावं लागतं. निकृष्ट घरासाठी आजारांच्या यादीत ‘झेड 59.1’ या गटातला संकेतांक आहे. तो केसपेपरवर आला की एका इमारतीतले बारा दमेकरी एकत्र दिसतात, आणि प्राधिकरणाला पत्र लिहिताना हातात आकडा असतो.

सिएटलच्या हाय पॉइंट वसाहतीत तर नवी घरं बांधतानाच दमेकऱ्यांचा विचार केला: हवा खेळती ठेवणारी यंत्रणा, गालिचाऐवजी साधी जमीन, ओल येणार नाही असं बांधकाम. अशा घरात वर्षभर राहिल्यावर मुलांचे दोन आठवड्यांतले त्रासाविना गेलेले दिवस सरासरी 7.6 वरून 12.4 वर गेले. कुटुंबं जेमतेम तीस-पस्तीस होती आणि त्यांना आरोग्यसेविकेची शिकवणीही मिळाली होती, म्हणून हा आकडा जपूनच वापरावा. तरीही सुधारणा लहान नाही.

मग सगळीकडे असं का होत नाही? उत्तर हिशेबात आहे. भेग बुजवायचा खर्च गृहनिर्माण प्राधिकरणाचा. मूल इस्पितळात गेलं नाही तर वाचणारा पैसा मात्र आरोग्य विम्याच्या खात्यात राहतो, आणि ही दोन खाती चालवणारी दोन वेगळी सरकारी कार्यालयं आहेत.