ट्युटोरियल आणि रेफरन्स: फरक सोप्या-अवघडाचा नाही

लातूर असो की संभाजीनगर, इंजिनिअरिंगच्या पोरांना पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे अधिकृत माहितीपुस्तिका, उघडायला सांगा, उत्तर ठरलेलं: "सर, ते एक्स्पर्ट लोकांचं आहे, आम्ही व्हिडिओ बघतो." दोष पोरांचा कमीच. ट्युटोरियल नवख्यांसाठी आणि रेफरन्स तज्ज्ञांसाठी, असं शिकवणारेच सांगत सुटलेत.

ट्युटोरियल सगळ्यांना माहीत आहे. क्रमाने वाचायचं, सोबत कोड चालवायचा, झालं.

रेफरन्स म्हणजे एकेका फंक्शनची नोंद देणारा भाग, एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकाच्या फलकासारखा. परभणीला जाणारा माणूस तो वरपासून खालपर्यंत वाचत बसत नाही. आपली ओळ बघतो आणि फलाटाकडे निघतो. मुरलेला प्रोग्रामरही रस्टसारखी नवी प्रोग्रामिंग भाषा शिकायला बसला की त्याला ट्युटोरियलच लागतं. आणि पहिल्या वर्षाचं पोरगं एका फंक्शनवर अडलं असेल तर त्याला रेफरन्सच हवा. शिकायला आलाय की अडलाय, एवढंच विचारा.

खरी गोची शोधताना होते. नावांची लिस्ट क्रमाने लावायला पोरगं लिहितं, 'नावे = नावे.सॉर्ट()'. पुढच्या फॉर लूपवर एरर येते: 'नन-टाइप' ऑब्जेक्ट इज नॉट इटरेबल, म्हणजे 'नावे'मध्ये आता लिस्ट नाही, 'नन' म्हणजे 'काहीच नाही' आहे. ते एररची हीच ओळ उचलून डॉक्युमेंटेशनच्या सर्चमध्ये टाकतं आणि हात हलवत परत येतं. कारण सॉर्टच्या नोंदीत 'नन-टाइप' हा शब्दच नाही. तिथे लिहिलंय की ही मेथड लिस्ट जागच्या जागी बदलते, क्रम लावलेली लिस्ट परत देत नाही. नवी हवी असेल तर सॉर्टेड() वापरा. उत्तर आहे, पण ते फंक्शनच्या नावाखाली, आणि पोरगं शोधतंय लक्षणावरून. म्हणून रेफरन्समध्ये आधी नाव शोधावं, त्यासाठी जनरल इंडेक्स, म्हणजे नावांची सूची, आहे. सॉर्ट लिस्ट परत का देत नाही हे हवं असेल तर ट्युटोरियलचा ५.१ हा भाग वाचा. बदलता येणाऱ्या सगळ्याच डेटा स्ट्रक्चर्सना पायथॉनमध्ये हाच नियम आहे, हे तिथे सांगितलंय. रस्टवाल्यांनी ही अडचण झकास सोडवली: एररलाच क्रमांक. कंपायलरला, म्हणजे कोड तपासून मशीनच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रामला, ई०३८२ म्हणजे काय असं विचारलं की तो उदाहरणासकट समजावतो.

पीडीएफ बरी की वेबपान, हा वाद फुकटचा. नेट जात असेल तर डॉक्युमेंटेशन डाउनलोड करून ठेवा.

डोक्यात जातात ते रेफरन्समध्ये गोष्टी सांगत बसणारे. रेफरन्समधल्या सॉर्टच्या नोंदीत कंसात सुरुवातीला एक चांदणी (*) असते. तिच्यापुढचे 'की' (key) आणि 'रिव्हर्स' (reverse) हे पर्याय नाव लिहूनच द्यावे लागतात, एवढाच तिचा अर्थ. तो एका ओळीत सांगा आणि पुढे चला. तीन परिच्छेदांची प्रस्तावना कोण वाचणार?