पेनड्राईव्हवरचं नवीन लिनक्स: डिस्कला हात न लावता सगळं चालतं कसं

एप्रिल आणि ऑक्टोबर जवळ आला की लिनक्सवाल्यांची गडबड सुरू होते. उबंटू म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचं एक तयार रूप (अशा रूपाला डिस्ट्रो म्हणतात), त्याचं नवीन व्हर्जन याच दोन महिन्यांत येतं आणि नंबरातच तारीख असते, २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल, अगदी पहिलं ४.१० म्हणजे ऑक्टोबर २००४. (एकदाच वेळ हुकली, २००६ मध्ये तयारी झाली नाही म्हणून एप्रिलचं रिलीज जूनमध्ये आलं आणि नंबर पडला ६.०६.) मग सगळीकडे स्क्रीनशॉट फिरायला लागतात, नवीन वॉलपेपर, बदललेले आयकॉन, खिडक्यांचे जरा जास्त गोल झालेले कोपरे. माझं विचाराल तर यातलं काहीच ट्राय करून बघण्यासारखं नसतं, ते फोटोतही दिसतं. बघायचं असतं ते हे की नवीन व्हर्जन आपल्या मशीनवर, आपल्या वायफाय चिपवर, आपल्या स्क्रीनवर नीट चालतं का, आणि त्यासाठी लाईव्ह सेशन नावाची भन्नाट सोय आहे. पेनड्राईव्ह लावायचा, त्यावरून मशीन सुरू (बूट) करायचं, अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम (ओएस) चालू होते, ब्राउझर वगैरे सगळ्यासकट, आपण मुद्दाम सांगितल्याशिवाय ती डिस्कवरच्या फाइल्सना हात लावत नाही, आणि बंद केलं की मशीन होतं तसंच. २००० मध्ये क्लाउस क्नॉपर यांनी नॉपिक्स आणलं आणि ही कल्पना लोकांना आवडली, तेव्हा हे सगळं सीडीवरून चालायचं.

आता हे आतून कसं चालतं ते एकदा कळलं ना, की लाईव्ह सेशनमध्ये दिसलेल्या कुठल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा आणि कुठल्या नाही ते आपोआप कळतं.

आधी फाइल. पूर्वी ७०० एमबीच्या सीडीत मावणारं उबंटू आता सहा जीबीच्या आसपास गेलंय. एवढी मोठी आयएसओ फाइल (ज्यात अख्खी सिस्टीम भरलेली असते) उतरवली की चेकसम, म्हणजे फाइलचा ठसा, तपासायचा, बहुतेक जण तपासत नाहीत. एसएचए-२५६ हे गणित अख्ख्या फाइलमधून ६४ अक्षरांचा एक ठसा काढतं, आणि फाइलमधला एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी तो ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. अर्धवट डाउनलोड यात लगेच पकडलं जातं. पण फाइलच कोणीतरी मुद्दाम बदलली असेल तर? फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या दुसऱ्या डिस्ट्रोची वेबसाइट हॅक करून मिंट १७.३ च्या सिनॅमन आवृत्तीची लिंक भलत्याच आयएसओकडे वळवली होती, आणि त्या आयएसओत बॅकडोअर, म्हणजे गुपचूप शिरायची चोरवाट, घातलेलं होतं. ज्याच्या हातात वेबसाइट आहे तो तिच्यावर छापलेला चेकसमसुद्धा बदलू शकतो की, म्हणून चेकसमच्या फाइलवर डिस्ट्रोवाल्यांची डिजिटल सही असते, आणि ती सही करायची गुप्त किल्ली वेबसाइटच्या सर्व्हरवर ठेवलेली नसते (निदान नसावी). सही जुळली तरच चेकसमला अर्थ.

मग पेनड्राईव्ह. नवीन लोक आयएसओ नुसती कॉपी-पेस्ट करतात आणि बूट होत नाही म्हणून वैतागतात. आयएसओ ही अख्ख्या डिस्कची प्रतिमा असते, ती पहिल्या बाइटपासून जशीच्या तशी लिहावी लागते, त्यासाठीच एचर, रुफस हे प्रोग्रॅम किंवा टर्मिनलवाल्यांची डीडी कमांड. इथे एक गंमत आहे. सीडीच्या फॉरमॅटमध्ये सुरुवातीचे ३२ केबी रिकामे सोडायचा नियम आहे, फॉरमॅट स्वतः ती जागा वापरत नाही. लिनक्सवाल्यांनी बरोबर त्याच रिकाम्या जागेत हार्डडिस्कला लागणारी बूटची माहिती आणि पार्टिशन टेबल बसवलं, त्यामुळे एकच फाइल सीडीवर जाळली तर सीडी असते आणि पेनड्राईव्हवर लिहिली तर डिस्क असते. याचाच दुसरा परिणाम म्हणजे नंतर तो पेनड्राईव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला की ३२ जीबीच्या जागी भलतंच काहीतरी दाखवतो आणि लोकांना वाटतं मेला. मेलेला नसतो, पार्टिशन टेबल नवीन करून फॉरमॅट मारला की परत पूर्ण मिळतो. डीडी वापरताना मात्र डिस्कचं नाव चुकवू नका, ती कमांड काही विचारत बसत नाही, जी डिस्क सांगाल तिच्यावर लिहून मोकळी.

बूट होताना मशीनचं फर्मवेअर (हार्डवेअरच्या आतच बसवलेलं सॉफ्टवेअर) आधी शिम नावाचा छोटासा प्रोग्रॅम उचलतं. सिक्युअर बूट चालू असेल तर फर्मवेअर फक्त ओळखीच्या सहीचाच कोड चालू देतं, आणि बाजारातल्या बहुतेक मशीनमध्ये ओळखीची किल्ली मायक्रोसॉफ्टची असते, म्हणून मोठ्या डिस्ट्रोंचा शिम मायक्रोसॉफ्टकडून सही होऊन येतो. शिम मग ग्रब या पुढच्या बूट प्रोग्रॅमला तपासतो, ग्रब कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, उठवतो. असो, तिथपर्यंत सगळं इन्स्टॉल केलेल्या लिनक्ससारखंच.

खरी मजा पुढे. आयएसओच्या आत स्क्वॉशएफएस नावाच्या फॉरमॅटमध्ये अख्खी सिस्टीम दाबून भरलेली असते, आणि ती फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. पण चालू ओएसला सतत काहीतरी लिहायचं असतं, लॉग, सेटिंग, ब्राउझरची कॅश, हजार गोष्टी. मग ओव्हरलेएफएस येतं, जे २०१४ मध्ये कर्नलच्या ३.१८ व्हर्जनमध्ये दाखल झालं. छापील पानावर पारदर्शक प्लास्टिक ठेवून त्यावर पेनने लिहावं तसं ते काम करतं, खाली स्क्वॉशएफएस, वर रॅममधला एक रिकामा थर, आणि प्रोग्रॅमला दोन्ही मिळून एकच फोल्डर दिसतं. खालच्या थरातल्या फाइलमध्ये एक अक्षर बदलायला गेलात की आधी ती अख्खी फाइल वरच्या थरात कॉपी होते आणि बदल त्या कॉपीत होतो. फाइल डिलीट केली तर खालची काही हलत नाही, वरच्या थरात त्या नावाची एक खास खूण पडते की ही आता दाखवायची नाही, बस. उबंटूच्या लाईव्ह सेशनमध्ये टर्मिनल उघडून डीएफ (डिस्कवरची जागा दाखवणारी) कमांड मारा, मुख्य फाइलसिस्टीमच्या जागी डिस्कचं नाव नसतं, 'काऊ' असं लिहिलेलं असतं. गाय नव्हे, 'कॉपी ऑन राइट' याची आद्याक्षरं.

तर यातून काय निघतं. एक म्हणजे जागा. रॅममधला हा थर सहसा एकूण रॅमच्या निम्मा असतो, म्हणजे ८ जीबीच्या मशीनमध्ये ४ जीबीच्या आसपास, आणि तोही प्रोग्रॅमना लागणाऱ्या रॅममधूनच जातो. लाईव्ह सेशनमध्ये मोठाली सॉफ्टवेअर टाकत बसलात तर 'डिस्क फुल' येणार किंवा सगळं घुसमटणार, आणि त्यात नवीन व्हर्जनचा काही दोष नसतो. दुसरं म्हणजे स्पीड, आणि यावरून तर लोक सर्रास चुकीचं मत बनवतात. फायरफॉक्स पहिल्यांदा उघडायला वेळ लागतो कारण त्याचे तुकडे यूएसबीवरून वाचायचे, मग फुगवून मोकळे करायचे, मग चालवायचे, तेच बंद करून परत उघडलं तर झटकन येतं कारण आता ते रॅममध्ये कॅश होऊन बसलेत. म्हणून नवीन व्हर्जन स्लो आहे की फास्ट, बूट किती सेकंदात होतं, याचा निकाल लाईव्ह सेशनवरून लावायचा नाही. व्हर्च्युअल मशीनचं याच्या बरोबर उलट, तिथे इन्स्टॉल करून निवांत खेळता येतं पण वायफाय, ग्राफिक्स, टचपॅड सगळं नकली असतं, त्यामुळे आपल्या हार्डवेअरबद्दल ती काहीच सांगत नाही.

हार्डवेअरबद्दल लाईव्ह सेशन मात्र खरं बोलतो, कारण कर्नल तोच, ड्रायव्हर तेच, जे इन्स्टॉल केल्यावर असणार. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात आणि कर्नलचं नवीन व्हर्जन साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघतं, म्हणून जुन्या डिस्ट्रोत न चालणारं वायफाय नवीन रिलीजमध्ये काही न करता चालू झालं असं होतं, आणि क्वचित उलटंही होतं. ड्रायव्हरसोबत चिपच्या आत चढवायचं फर्मवेअरही लागतं, जे बहुतेकदा कंपनीचं बंदिस्त असतं. डेबियन या डिस्ट्रोवाले तत्त्व म्हणून ते अधिकृत आयएसओत घालत नव्हते, त्यामुळे इन्स्टॉल करायला नेट लागायचं आणि नेट चालायला फर्मवेअर लागायचं अशी छान कोंडी व्हायची. २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेऊन हे बदललं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून फर्मवेअर आयएसओतच असतं. मला हा निर्णय एकदम पटतो, तत्त्वाला धक्का लागला असेल पण मशीन चालू झालं. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर एवढं लक्षात ठेवा की लाईव्हमध्ये बहुतेकदा नूवो हा मुक्त ड्रायव्हर चालतो आणि इन्स्टॉलनंतर कंपनीचा टाकला जातो, म्हणजे तेवढ्यापुरता अनुभव बदलू शकतो.

लॅपटॉप असेल तर एक टेस्ट सगळ्यात आधी करा, झाकण लावा, थोड्या वेळाने उघडा. स्क्रीन येते का, वायफाय परत जोडलं जातं का, आवाज आहे का. झोपवणं आणि उठवणं ही लिनक्सची जुनी दुखरी नस आहे. जुन्या पद्धतीत रॅम सोडून जवळपास सगळ्याची वीज तोडली जाते, नव्या पद्धतीत प्रोसेसर नुसता अगदी कमी विजेवर पडून राहतो आणि प्रत्येक भागाने स्वतःहून गप्प बसायचं असतं, एखादा बसला नाही की बॅगेत लॅपटॉप गरम आणि बॅटरी खलास. कर्नलच्या सिस्टीम फोल्डरमध्ये पॉवरच्या आत 'मेम स्लीप' नावाची फाइल असते, ती वाचली की मशीनला कुठल्या पद्धती येतात ते दिसतं आणि जी निवडलेली आहे ती कंसात असते. 'डीप' असेल तर जुनी.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे वेलँड. पडद्यावर खिडक्या काढायचं काम इतकी वर्षं एक्स नावाची सिस्टीम करायची, १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झालेली, आणि तिच्यात एका प्रोग्रॅमला दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये काय टाईप होतंय ते सहज ऐकता येतं, पासवर्डसुद्धा. तेव्हा कोणाला यात वावगं वाटलं नाही. २००८ मध्ये क्रिस्टियन ह्योग्सबर्ग यांनी वेलँड सुरू केलं, त्यात प्रत्येक खिडकीला फक्त तिच्यासाठीचेच माउस-कीबोर्डचे संदेश मिळतात. फेडोरा या डिस्ट्रोने २०१६ मध्येच ते डिफॉल्ट केलं, उबंटूने १७.१० मध्ये केलं, १८.०४ मध्ये मागे घेतलं आणि २१.०४ मध्ये परत आणलं, म्हणजे हा बदल किती अवघड गेला बघा. जुने प्रोग्रॅम एक्सवेलँड नावाच्या मधल्या थरातून चालतात. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक्सआइज हा जुना प्रोग्रॅम टाका (लाईव्हमध्येही टाकता येतो, रॅममध्ये जाईल), दोन डोळे माउसच्या मागे फिरतात, पण कर्सर वेलँडवर चालणाऱ्या खिडकीवर गेला की डोळे थिजतात, कारण त्यांना आता कर्सर कुठे आहे ते कळूच दिलं जात नाही. स्क्रीन शेअरिंग, रिमोट डेस्कटॉप, स्क्रीन रेकॉर्डिंग ही कामं जिथे अडखळतात ती यामुळेच, रोज मीटिंगा असतील तर हे आत्ताच तपासून घ्या. आणि मराठी टायपिंगही. 'दऱ्या' आणि 'तऱ्हा' टाईप करून बघा, तो आडवा अर्धा र नीट येतो का, ब्राउझरमध्येही आणि ऑफिसमध्येही, कारण दोन्ही ठिकाणचा फॉन्ट वेगळा निघू शकतो.

रिलीजच्या आधी बीटा, म्हणजे चाचणीसाठीचं व्हर्जन, येतं, तेही असंच चालवता येतं, पण कामाच्या मशीनवर इन्स्टॉल करू नका एवढंच. ही रटाळ चाचणी कशाला करायची असं वाटत असेल तर मार्च २०२४ आठवा. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसचे डेव्हलपर डेबियनच्या अस्थिर (म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या) शाखेवर वेगाची मोजमापं करत होते, त्यांना दिसलं की एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर दुरून जायची सोय) लॉगिन करताना अर्धा सेकंद जास्त जातोय आणि प्रोसेसर विनाकारण दमतोय. दुसरा कोणी असता तर बीटात चालायचंच म्हणून सोडून दिलं असतं. ते खणत गेले आणि एक्सझेड या सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मुद्दाम लपवलेलं बॅकडोअर निघालं, आणि घालणारा कोण, तर गोड बोलून प्रोजेक्टचा मेंटेनर (सांभाळणारा) झालेला माणूस. स्थिर व्हर्जनांमध्ये ते पोचायच्या आत पकडलं गेलं. उबंटू २४.०४ चं बीटा तेव्हा तोंडावर आलेलं, त्यांनी ते एक आठवडा पुढे ढकललं आणि त्या काळात बनलेली पॅकेजेस नव्याने बांधून काढली.

म्हणून बीटात किंवा लाईव्हमध्ये काही विचित्र दिसलं तर रिपोर्ट करा, पण लॉगसकट. नुसतं 'वायफाय चालत नाही' असं लिहून कोणालाच काही करता येत नाही, चिपचं नाव आणि कर्नलचे मेसेज लागतात. आणि इथे परत तो रॅमचा थर आडवा येतो, लाईव्ह सेशनमधले सगळे लॉगही तिथेच असतात, रिस्टार्ट केलं की पुरावा गायब. तेव्हा बंद करायच्या आधी जर्नलकंट्रोल (journalctl) या लॉग दाखवणाऱ्या कमांडचं आउटपुट दुसऱ्या पेनड्राईव्हवर किंवा स्वतःला मेल करून ठेवा.

लाईव्हमध्ये सगळं व्यवस्थित चाललं तरी मी लगेच इन्स्टॉल करायच्या घाईचा नाही, विशेषतः एलटीएस असेल तर, म्हणजे पाच वर्षं अपडेट मिळणारं व्हर्जन. उबंटूसुद्धा एका एलटीएसवरून दुसऱ्यावर जायचा मेसेज पॉइंट वन आल्याशिवाय दाखवत नाही. २४.०४ एप्रिलमध्ये आलं पण २४.०४.१ यायला ऑगस्ट २०२४ चा शेवट उजाडला, आणि तोपर्यंत २२.०४ वाल्यांना अपग्रेडचं विचारलंसुद्धा नव्हतं.