कॅक्टसवरचे पांढरे पुंजके: पिठ्या ढेकूण की बुरशी?

सोलापूर जिल्ह्यातील डाळिंब किंवा द्राक्ष बागायतदाराला पिठ्या ढेकूण आणि भुरी यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. पहिली कीड आहे, दुसरी बुरशी आहे आणि दोन्हींची औषधे निराळी आहेत, हे तो जाणतो. घराच्या गॅलरीतील कॅक्टसवर मात्र पांढरे काही दिसले, की त्याला सरसकट बुरशी म्हटले जाते, पाणी तोडले जाते किंवा बुरशीनाशक फवारले जाते, आणि कीड मात्र रस शोषतच राहते. माझ्या पाहण्यात आलेली अशी बहुतेक झाडे पिठ्या ढेकणाचीच निघाली.

पिठ्या ढेकूण हा दोन ते चार मिलिमीटर लांबीचा, मऊ अंगाचा आणि मेणकट पांढरी भुकटी ल्यालेला किडा असून त्याची मादी कापसासारख्या पुंजक्यात शेकडो अंडी घालते. तो काट्यांच्या बुडाशी, शिरांमधल्या खाचांत आणि बाजूला फुटणाऱ्या पिलांच्या (फुटव्यांच्या) जोडाशी लपतो, त्यामुळे पांढरेपणा सुट्या पुंजक्यांत दिसतो. टाचणीने पुंजका उचलला तर तो चिकट तंतूंसारखा ताणला जातो आणि आत गुलाबीसर किंवा पिवळट किडा सापडतो. कुंडीभोवती मुंग्यांची ये-जा असेल तर संशय आणखी बळावतो, कारण किडीच्या गोड, चिकट स्रावासाठीच त्या येतात. त्याच स्रावावर पुढे काळी काजळी धरते. ही काजळी खरोखरच बुरशी असली, तरी तिचे मूळ किडीत असल्याने केवळ बुरशीनाशकाने ती हटत नाही.

निरोगी खोडावर पांढरी बुरशी सहसा धरत नाही. ती ओल्या मातीच्या पृष्ठभागावर जाळ्यासारखी पसरते, किंवा आधीच कुजलेल्या भागावर उगवते. मातीवरचे जाळे बहुधा निरुपद्रवी असते आणि माती वाळली की जाते. खरा धोका कुजीचा आहे. कुजलेला भाग तपकिरी किंवा काळपट होतो, बोटाने दाबल्यास दबतो, पाणी सोडतो आणि पुष्कळदा दुर्गंधी येते. याउलट जुन्या कॅक्टसच्या बुडाशी येणारा कोरडा, टणक तपकिरी थर हा वयाचा परिणाम असतो. बोअरच्या जड पाण्याने कुंडीच्या कडेला जमणारा पांढरा क्षारही कीड किंवा बुरशी यांपैकी काही नव्हे. तो नखाने खरडल्यावर खडूसारखा सुटतो.

फड्या निवडुंगावरील कापूस चिरडल्यावर लाल रंग निघाला, तर ती कोचिनील कीड समजावी. दक्षिण भारतात बेसुमार माजलेल्या निवडुंगाला आवर घालण्यासाठी १९२६ मध्ये श्रीलंकेतून तिची एक जात मुद्दाम आणली गेली होती, यावरून तिची ताकद लक्षात येते.

कीड असल्यास कुंडी इतर झाडांपासून दूर ठेवावी, कापसाचा बोळा ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून एकेक पुंजका टिपावा, आणि अंड्यांतून किडीची नवी पिले निघत असल्यामुळे आठवड्यातून एकदा, असे चार आठवडे तरी हे करावे. निळसर मेणाचा थर असलेल्या कॅक्टसवर आधी एका कोपऱ्यात चाचणी घ्यावी, कारण अल्कोहोलने तो थर उतरतो. लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा द्रव साबण मिसळून फवारायचे असल्यास ते सायंकाळीच करावे. तेल लागलेले खोड सोलापूरच्या उन्हात भाजते. वर काहीच नसताना झाड खंगत असेल, तर ते कुंडीतून काढून मुळे तपासावीत, कारण या किडीची एक जमात मुळांवरच राहते.

कूज असल्यास उपचार नेमका उलट आहे: फवारणी नव्हे, कोरडेपणा. आपल्याकडे सप्टेंबरच्या पावसात ती वाढते, आणि शेतातली काळी माती कुंडीत भरली असेल तर अधिकच, कारण ती माती ओल सोडत नाही. स्पिरिटने पुसलेल्या धारदार चाकूने आतला गर निर्मळ दिसेपर्यंत कापत जावे, प्रत्येक कापानंतर पाते पुन्हा पुसावे आणि जखमेवर गंधकाची भुकटी लावावी. बूड पूर्ण गेले असल्यास वरचा टवटवीत तुकडा आठ-दहा दिवस सावलीत वाळवून जाड वाळू आणि विटांचा चुरा मिसळलेल्या मातीवर ठेवावा, आणि मुळे फुटेपर्यंत पाण्याचा हात आखडताच ठेवावा.